पाळीची वही

मेकू न्डेकिर्वाचे डोळे अधू झाले
तेव्हा वही माझ्याकडे आली.
चढावरच्या सतरा घरांत
लागणारं अक्षर माझंच, एवढंच कारण.

त्याआधी पाटाच्या तोंडाशी बाईने जायचं नसे.
पाळी आलेलीने तर नाहीच,
पाणी आटतं म्हणत.
आता पाण्याची पाळी मीच लावते.
ज्या वर्षी पाणी खरंच आटलं
त्या वर्षी वरचं जंगल जळालं होतं,
माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.
दाखवलं. एकाने.
त्याचीही पाळी मी चुकवली नाही.

आमचा किहांबा म्हणजे एकरभर जागेत चार मजले.
वर म्फुरुआंजेची विरळ सावली,
तिच्यात केळी, केळींच्या आडोशाला कॉफी,
कॉफीच्या पायाशी कंद,
आणि कंदांच्याही खाली, दारासमोरच,
सासरा, त्याचा बाप, त्याचा बाप.
पाट सगळ्यांना मिळून एक.
मेलेल्यांना पाणी लागतं की नाही, ठाऊक नाही.
त्यांच्या उशाशी लावलेल्या इसालेला लागतं.

नियम जुना होता : शिंग वाजलं
की घरटी एक फावडं.
जो येणार नाही त्याने केळ्याच्या दारूचं मडकं द्यायचं,
आणि मडकं सगळ्यांनी एकत्र बसून प्यायचं.
म्हणजे न येणाऱ्यालाही
संध्याकाळी यावंच लागे.

मडक्याचे पुढे शिलिंग झाले.
शिलिंग फोनवरून येऊ लागले.
आता वर शिंग वाजतं
आणि माझ्या कमरेला फोन वाजतो :
दारेस्सलामहून एक दंड, आरुशाहून दोन.
वही भरत गेली. बँकेत खातं निघालं.
आणि पाटाच्या तोंडाशी नऊ म्हातारे, मी,
आणि शाळेतून काढून टाकलेलं एक पोरगं.
पैशांतून सिमेंट आणलं.
सिमेंटला तडा कुठे गेलाय
ते पैशाला दिसत नाही,
त्यासाठी गुडघाभर गार पाण्यात
हात घालून चाचपावं लागतं.

अनाएली नाताळला गाडी घेऊन आला.
तीन वर्षांचा दंड चोख, चौथ्याचा आगाऊ.
बैठकीत म्हणाला, बापाची म्फुरुआंजे काढतो,
लाकडाला भाव आहे, केळी काय उन्हातही येतात.
कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.
मेकू खोकला.
त्याच रात्री अनाएलीने वरचं दारं मोडून
पाणी आपल्या नव्या टाकीकडे वळवलं.
पाळी एलिनाइकेची होती,
सगळ्यांत खालच्या घराची.
सकाळी तिचा घेवडा माना टाकून होता
आणि ती कोरड्या पाटात बसली होती,
ओरडत नव्हती.

मी त्याचं नाव लिहिलं.
त्याने पैसे पाठवले.
मी परत पाठवले.
दुप्पट पाठवले,
तेही परत.

चौथ्या दिवशी माझ्या फाटकाशी उभा,
हातात गाठ मारलेलं इसालेचं पान,
बापाच्या उशाशी वाढलेल्या झुडपाचं.
हे पान घेऊन आलेल्याला
माघारी धाडता येत नाही,
आणि हा नियम कुठल्याच वहीत नाही.
मी म्हटलं, पान माझं नव्हे.
खाली जा.

शहरी बूट घालून तो उतार उतरला.
खाली काय बोलणं झालं मला माहीत नाही.
एलिनाइके सांगत नाही, मी विचारत नाही.

गुरुवारी शिंग वाजलं. फोन वाजला नाही.
तो आला. फावडं चुकीचं धरत होता,
गाळ काढून पुन्हा पाटातच टाकत होता.
त्या काढलेल्या पोराने त्याला दाखवलं, कसं ते.
दुपारपर्यंत तळहात फुटले.
रात्रीच्या बसची वेळ झाली म्हणाला,
गाडी भावाला दिलीय म्हणाला,
आणि गेला.

माझ्या वहीत दोनच रकाने : हजर, दंड.
मी लिहिलं : हजर, अर्धा दिवस.
अक्षर ओलं झालं, पण लागतं.

झाडांचं अजून ठरलेलं नाही.
तडा सापडलाय, माझ्या कोपरापासून
दोन हात खाली.

शनिवारी पहाटे पाळी माझी.